अवघड जागेचें दुखणें

"अवघड जागेचें दुखणें आणि जांवई वैद्य" ही म्हण आपल्याकडे हंसण्यावारी नेली जाते; परंतु ज्या कोणा सासूच्या अनुभवांतून ती प्रथम निघाली असेल तिला हंसूं आलें नसावें. सोसावें पण दाखवूं नये अशा कांहीं जागा माणसाच्या शरीरांत आहेत. त्या जागांच्या व्याधींना औषध नसतें असें नाहीं. औषधापर्यंत जाणारी वाट मात्र लाजेनें बंद झालेली असते. मलावरचा ताबा जाणें, म्हणजे शौचाची भावना झाल्यावर क्षणभरही थांबतां न येणें, किंवा भावनाच न होतां वस्त्र खराब होणें, ही व्याधि अशांपैकीं अग्रगण्य होय. मूळव्याधीविषयीं चारचौघांत बोलणारा गृहस्थ या बाबतींत सख्ख्या भावाजवळही अवाक्षर काढीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही याच व्याधीविषयीं, आणि तिच्यावर गेल्या तीस वर्षांत निघालेल्या एका विलक्षण उपायाविषयीं लिहिणार आहों. घरांतील सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत हा विषय कशाला, असें ज्यांना वाटेल त्यांना आमचें उत्तर इतकेंच कीं, ही व्याधि घरांतच राहते. ती दुसरीकडे कोठें राहत नाहीं.

ही व्याधि विरळा आहे अशीही समजूत कोणी करून घेऊं नये. अमेरिकेंत २००५-०६ सालीं झालेल्या राष्ट्रीय आरोग्य-पाहणींत, रुग्णालयांत वा आश्रमांत नव्हे तर आपापल्या घरीं राहणाऱ्या प्रौढ माणसांपैकीं शेंकडा ८.३ जणांनीं महिन्याभरांत एकदां तरी असा प्रसंग आल्याचें सांगितलें. सत्तरीच्या पुढें हें प्रमाण शेंकडा १५.३ पर्यंत चढलें. विशेष म्हणजे स्त्रिया व पुरुष यांच्या आंकड्यांत फारसें अंतर नव्हतें. म्हणजे 'ही बायकांची तक्रार' असें म्हणून ज्या पुरुषांनीं हें पान उलटण्याचें योजिलें असेल त्यांनीं थोडें थांबावें.

आधीं हा ताबा राहतो कसा तें पाहूं. मोठ्या आंतड्याच्या शेवटीं जो मलाशय आहे त्याच्या द्वाराशीं दोन वर्तुळाकार स्नायु एकांत एक बसविलेले असतात. आंतला स्नायु आपल्या इच्छेच्या अधीन नाहीं. आपण झोपलों असतां, बोलत असतां, जेवत असतां तो आपलें दार लावून बसलेला असतो. बाहेरचा स्नायु आपल्या हुकुमांतला. अडचणीच्या वेळीं आपण आवळून धरतों तो हा. यांच्या वरच्या अंगास एक तिसरा स्नायु पुढच्या हाडापासून निघून मलाशयाला मागून वेढा घालतो व पुन्हां पुढें जातो, आणि झोळीच्या दोरीप्रमाणें त्या नळीला पुढें ओढून तिला बांक आणतो. हा बांक जोंपर्यंत आहे तोंपर्यंत मल सरळ खालीं येऊं शकत नाहीं. आपण उकिडवे बसलों म्हणजे हा बांक कमी होतो. आपल्याकडील जुन्या बैठकीची रीत या दृष्टीनें शहाणपणाची होती, हें गुडघे दुखूं लागल्यावर खुर्चीवजा शौचकूप बसवून घेतलेल्यांनाही मान्य करावें लागेल.

परंतु या व्यवस्थेंतील खरें आश्चर्य स्नायूंत नाहीं, तें संवेदनेंत आहे. मलाशय भरूं लागला कीं आंतला स्नायु क्षणभर सैल होतो, आंतील थोडासा अंश खालच्या नाजुक त्वचेपर्यंत येतो, आणि आलेला पदार्थ वायु आहे, द्रव आहे कीं घन आहे, हें ओळखून ती त्वचा वर वर्दी देते. हें परीक्षण दिवसांतून कितीदां तरी आपल्या नकळत चाललेलें असतें. वायूला वाट द्यावी, मलाला अडवावें, आणि तेंही सभेंत बसलें असतां चेहऱ्यावरची रेषा न हालवितां करावें, हा विवेक ज्या यंत्रणेंत आहे तिच्याविषयीं आपण कधीं कृतज्ञतेनें विचारही करीत नाहीं. या यंत्रणेचे मज्जातंतु कण्याच्या अगदीं खालच्या टोंकाशीं, त्रिकास्थि नांवाच्या त्रिकोणी हाडांतून बाहेर पडतात. त्या हाडाला दोहों बाजूंस चार चार छिद्रें असतात, आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या छिद्रांतून येणारे तंतु मुख्यत्वें हें काम पाहतात. मूत्राशयाचा कारभारही यांच्याकडेच असतो. यांपैकीं तिसरें छिद्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या द्वाराकडे लाजून पाठ फिरविली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अर्शाच्या प्रकरणीं गुदाचें माप साडेचार अंगुळें दिलें असून त्यांत तीन वळी सांगितल्या आहेत: प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी. एक ढकलणारी, एक सोडणारी, एक आवरणारी. आजच्या शारीरशास्त्रांतील कोणत्या स्नायूशीं कोणती वळी जुळते या वादांत आम्ही शिरत नाहीं, आणि 'आमच्याकडे सारें होतेंच' असें म्हणण्याचा मोहही आम्हांस नाहीं. तथापि आवरणें आणि सोडणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत हें ज्यांनीं ओळखलें त्यांचें निरीक्षण बारीक होतें, एवढें कबूल करावयास हरकत नाहीं. चरकानें अडवूं नयेत म्हणून जे तेरा वेग सांगितले त्यांत मलमूत्राचे वेग आहेतच. ज्याला ते अडवितांच येत नाहींत त्याची व्यथा अगदीं उलट्या टोंकाची.

हा ताबा सुटतो कशानें? मधुमेहानें मज्जातंतु दुबळे होतात, कण्याला इजा होते, मलाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेली असते, किंवा वर्षानुवर्षें कुंथण्याची संवय असते. परंतु स्त्रियांच्या बाबतींत सर्वांत मोठें कारण बाळंतपणांत आहे, आणि तें फार उशिरां कळलें. १९९३ सालीं लंडन येथील अब्दुल सुलतान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साह्यानें बाळंतिणींच्या या स्नायूंचीं चित्रें घेतलीं. प्रथमच व नैसर्गिक मार्गानें प्रसूत झालेल्या ७९ स्त्रियांपैकीं २८ जणींच्या, म्हणजे शेंकडा ३५ जणींच्या, स्नायूंत सहा आठवड्यांनंतर चीर आढळली. चिमटा लावून सोडविलेल्या दहा जणींपैकीं आठ जणींत ती होती. बाहेरून पाहणाऱ्या सुइणीला वा डॉक्टराला यांतील पुष्कळ चिरा दिसल्याही नव्हत्या. तरुणपणीं उरलेले स्नायु ती उणीव भरून काढतात; चाळीस-पन्नाशीनंतर मासिक धर्म थांबतो, स्नायु शिथिल होतात, आणि पंचवीस वर्षांपूर्वींच्या बाळंतपणाचें देणें तेव्हां द्यावें लागतें. ज्या मुलाच्या जन्मानें हें झालें तो एव्हांना स्वतः संसारी झालेला असतो, आणि आईला हें बोलतां येणार नाहीं असा पहिला मनुष्य तोच असतो.

आमच्या आप्तांत एक वृद्ध बाई होत्या. पन्नाशीनंतर त्यांनीं हळूहळू एकेक गोष्ट सोडून दिली. आधीं लग्नकार्यांना जाणें सोडलें. मग कीर्तनाला गेल्या तर दाराजवळ बसूं लागल्या. मग कीर्तनही सुटलें. प्रवासाच्या आदल्या दिवशीं त्या उपास करीत, व घरांतील मंडळींस त्यांच्या व्रतांचें कौतुक वाटे. सोवळ्यांतला स्वयंपाक त्यांच्याइतका नेटका कोणाला साधत नसे; पण नैवेद्याचें पान वाढावयाची वेळ आली म्हणजे कांहीं तरी निमित्त काढून त्या तें काम सुनेकडे देत. सुनेची समजूत अशी कीं, सासूबाई आपणावर भार टाकतात. मुलांची समजूत अशी कीं, आईला वैराग्य आलें. खरी गोष्ट त्यांच्या शेवटच्या आजारांत शुश्रूषेला ठेवलेल्या परिचारिकेच्या तोंडून बाहेर आली. आपल्या शुचितेची आपल्यालाच खात्री देतां येत नाहीं, या एका शंकेनें त्या बाईंनीं वीस वर्षें देवघराच्या उंबऱ्याबाहेर काढलीं होतीं. त्या वीस वर्षांत त्या एकदांही या कारणासाठीं डॉक्टरांकडे गेल्या नाहींत, आणि डॉक्टरांनींही, रक्तदाबासाठीं त्या दर महिन्यास जात असतां, कधीं विचारलें नाहीं.

आतां उपायाकडे वळूं. विजेच्या प्रवाहानें स्नायु आखडतो हें अठराव्या शतकाच्या अखेरीस गॅल्व्हानीच्या बेडकांनीं जगाला दाखविलें होतें. १९५८ सालीं स्टॉकहोम येथें हृदयाला ठोका देणारें यंत्र प्रथम माणसाच्या शरीरांत बसविण्यांत आलें, आणि मग हृदयाला जें साधतें तें इतर अवयवांना कां साधूं नये असा विचार सुरू झाला. इंग्लंडांत एक्झेटर येथील कॉल्डवेल या शस्त्रवैद्यानें १९६३ सालीं द्वाराच्या स्नायूंतच तारा बसवून त्यांस वीज देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनीं कण्याला इजा झालेल्या रुग्णांसाठीं मज्जातंतूंच्या मुळांनाच वीज देऊन मूत्राशय रिकामा करविण्याचें यंत्र १९७० नंतरच्या दशकांत बनविलें. हे ब्रिंडली मोठे वल्ली गृहस्थ. त्यांनीं 'तर्कशुद्ध बसून' या नांवाचें एक सुषिर वाद्यही स्वतः तयार केलें होतें, आणि शरीरांतील तंतूंची जुळणी व वाद्याच्या चाव्यांची जुळणी हीं दोन्ही कामें एकाच बुद्धीला कशीं रुचलीं असतील याची कल्पना करण्यास मौज वाटते.

आज ज्याला त्रिकास्थि-मज्जातंतूंचें उद्दीपन म्हणतात त्याची खरी वाट सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत मूळचे ईजिप्तचे एमिल टनाघो व त्यांचे सहकारी रिचर्ड श्मिट यांनीं तयार केली. आधीं कुत्र्यांवर प्रयोग करून, मग १९८१ पासून रुग्णांवर, त्यांनीं तिसऱ्या छिद्रांतील तंतूला सौम्य वीज देऊन मूत्राशयाचे विकार आटोक्यांत आणले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या क्लाउस मात्सेल या जर्मन शस्त्रवैद्याच्या मनांत आलें कीं, मूत्राशय व मलाशय यांचे तंतु जर एकाच मुळाचे, तर एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडावा. एर्लांगेन येथें परतून त्यांनीं तो करून पाहिला, व १९९५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत तीन रुग्णांची हकीकत छापली. तीनच रुग्ण; पण त्या तिघांच्या पुढें आज सबंध जगभर या पद्धतीचें जाळें पसरलेलें आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें मूत्राच्या विकारांसाठीं तिला १९९७ सालीं मान्यता दिली. मलाच्या विकारासाठीं मान्यता मिळण्यास मात्र २०११ साल उजाडलें. या चौदा वर्षांच्या अंतराला शास्त्रीय कारणें असतीलच. परंतु मूत्राविषयीं बोलतां येतें आणि मलाविषयीं बोलतां येत नाहीं, हा संकोच केवळ आपल्याच समाजाचा नाहीं, असेंही त्यावरून आम्हांस वाटतें.

या पद्धतींत आम्हांस सर्वांत आवडलेली गोष्ट ही कीं, तींत आधीं परीक्षा होते व मग लग्न लागतें. रुग्णाला पालथें निजवितात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत कमरेच्या खालीं एक लांब सुई त्या तिसऱ्या छिद्रांत सरकवितात व तींतून हलकीशी वीज सोडतात. सुई योग्य ठिकाणीं पडली कीं नाहीं हें समजावयाचें कसें? तर पायाच्या आंगठ्यावरून! तिसऱ्या तंतूला वीज लागली म्हणजे त्या बाजूचा आंगठा खालीं वळतो आणि द्वाराभोंवतींचा तळ भात्यासारखा आंत ओढला जातो. सबंध पाऊल फिरलें तर सुई वरच्या छिद्रांत गेली असें समजावें. आंगठा स्वस्थ राहून नुसता तळच आंत ओढला गेला तर ती खालच्या छिद्रांत गेली. रुग्ण जागा असेल तर तो स्वतःच सांगतो कीं, अमुक जागीं मुंग्या आल्यासारखें वाटतें. ज्या आंगठ्याचा मलाशयाशीं कांहीं संबंध असेल असें स्वप्नांतही कोणाच्या मनांत आलें नसतें, तोच शस्त्रवैद्याला वाट दाखवितो.

मग त्या जागीं चार लहान धातूच्या कड्या असलेली एक बारीक तार ठेवतात. पूर्वीं ती हाडाशीं बांधण्यासाठीं मोठी चीर घ्यावी लागे. २००२ च्या सुमारास कांट्यांप्रमाणें बारीक पिसें असलेली तार निघाली, ती आपोआप आंत अडकून राहते, व तेव्हांपासून हें काम फार सोपें झालें. तारेचें दुसरें टोंक प्रथम शरीराबाहेरच एका लहानशा यंत्राला जोडून रुग्णाला घरीं पाठवितात. एक किंवा दोन आठवडे त्यानें आपला नेहमींचा व्यवहार करावयाचा आणि रोजचें टिपण ठेवावयाचें. असे प्रसंग निम्म्यानें किंवा त्याहून अधिक कमी झाले तरच कायमचें यंत्र कुल्ल्याच्या वरच्या बाजूस कातडीखालीं बसवितात. नाहीं तर तार काढून घेतात, व रुग्ण होता तसा राहतो. आधीं शरीर कापावें व मग गुण आला कीं नाहीं तें पाहावें, ही जी शस्त्रक्रियांची एरवींची तऱ्हा, तिच्याहून ही निराळी आहे. कायमचें यंत्र सेकंदास साधारण १४ वेळां, प्रत्येक वेळीं सेकंदाच्या दहालक्षांश भागांपैकीं सुमारें २१० भाग इतका क्षण, तंतूला टिचकी मारीत राहतें. रुग्णाला ती कळते न कळतेशी असते. हातांत मावणाऱ्या एका नियंत्रकानें तिचा जोर कमीजास्त करतां येतो.

हें सारें घडतें कसें? प्रारंभीं सर्वांची समजूत अशी होती कीं, वीज लागून स्नायु बळकट होतात. ती टिकली नाहीं. पुष्कळ रुग्णांत गुण उत्तम आला, पण स्नायूंचा दाब मोजला तर तो पूर्वींइतकाच! ज्यांच्या स्नायूंत चीर आहे अशांनाही गुण येतो, हें पुढें दिसून आलें. आतांचा समज असा आहे कीं, हा उपाय स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंपेक्षां मेंदूकडे वर्दी नेणाऱ्या तंतूंवर अधिक काम करतो. मघां ज्या परीक्षणाचा उल्लेख केला त्याची मंदावलेली बातमी मेंदूला पुन्हां नीट पोंचूं लागते, व वरून येणारे हुकूमही सुधारतात. दार मोडलें म्हणून घर उघडें पडलें असें सर्व समजत होते. प्रत्यक्षांत दारावरचा पहारेकरी पेंगत होता, असें म्हणावयाचें. पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाहीं.

गुण किती येतो? अमेरिकेंतील ज्या अभ्यासावरून तेथें मान्यता मिळाली त्यांत १३३ रुग्णांची परीक्षा घेतली गेली व १२० जणांस यंत्र बसविलें. वर्षाअखेर दर शंभरांत ८३ जणांचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले व ४१ जण पूर्ण मुक्त झाले. आठवड्यास सरासरी ९.४ वेळां होणारा प्रसंग १.९ वर आला. पांच वर्षांनंतरही तपासलेल्यांपैकीं शेंकडा ८९ जणांना गुण टिकून होता. पण येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पांच वर्षांनीं तपासणीस मिळाले ते १२० पैकीं ७६च. उरलेल्यांपैकीं किती जण बरे झाले म्हणून आले नाहींत आणि किती जण कंटाळून आले नाहींत, हें त्या आंकड्यांत दिसत नाहीं. जे शेवटपर्यंत टिकतात ते बहुधा समाधानीच असतात. शिवाय त्या ७६ पैकीं २७ जणांवर, यंत्र दुरुस्त करण्यासाठीं, बदलण्यासाठीं वा काढण्यासाठीं, पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली. तार सरकते, जखम दूषित होते, यंत्राच्या जागीं दुखतें, पाय आखडतो. तीन माणसांपैकीं एकाहून अधिकांस पुन्हां मेजावर निजावें लागलें, ही गोष्ट जाहिरातींत बारीक अक्षरांत असते. आम्ही ती मोठ्या अक्षरांत सांगतों.

हा गुण खरा कीं नुसत्या आशेचा, अशी शंका घेणें रास्त आहे. आशेनें पोट सुधारतें, हें घरोघरीं सिद्ध आहे. फ्रान्समध्यें लेरोआ यांनीं २००५ सालीं एक युक्ति केली. यंत्र बसविलेल्या रुग्णांचें यंत्र एक महिना चालू व एक महिना बंद ठेवलें, आणि कोणता महिना कोणता हें रुग्णांस कळूं दिलें नाहीं. चालू असलेल्या महिन्यांत प्रसंग कमी घडले व बहुतेकांनीं तोच महिना पसंत केला. मात्र बंद महिन्यांतही प्रकृति मूळच्यापेक्षां बरीच सुधारलेली होती, हेंही तितकेंच खरें. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें १२० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले. यंत्राच्या वांट्याला आलेल्यांपैकीं ज्यांना तें कायम बसविलें त्यांतले निम्म्याच्या जवळपास वर्षाअखेर पूर्ण मुक्त झाले, आणि केवळ आहार, औषध व व्यायाम यांवर ठेवलेल्यांत फारसा फरक पडला नाहीं. याउलट, घोट्याजवळच्या तंतूला सुई टोंचून आठवड्यास अर्धा तास वीज देण्याची जी सोपी पद्धति निघाली होती, तिची परीक्षा इंग्लंडांत २२७ रुग्णांवर झाली व २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. खऱ्या विजेनें शेंकडा ३८ जणांना गुण आला, आणि खोट्या विजेनें ३१ जणांना! अंतर इतकें थोडें कीं, त्याला अर्थ उरला नाहीं. जुनाट मलावरोधावरही हें त्रिकास्थीचें यंत्र चालेल अशी मोठी आशा होती. प्रारंभींचे वृत्तांतही उत्साहवर्धक होते. पण रुग्णाला न कळतां घेतलेल्या नंतरच्या परीक्षांत तें टिकलें नाहीं. सोडतां न येणाऱ्याला हा उपाय सांगणारा कोणी भेटला तर त्याला हा पुरावा विचारावा. आवरतां न येणाऱ्याची गोष्ट निराळी.

यंत्रांत सुधारणाही झपाट्यानें झाल्या. कांहीं वर्षांपूर्वीं हें यंत्र १४ घन सेंटिमीटरांचें असून तीन ते पांच वर्षांत त्यांतील विद्युत्घट संपे व नवें बसवावें लागे. २०१९ नंतर पुन्हां भरतां येण्याजोगीं, पंधरा वर्षें चालावीं अशा बेतानें बनविलेलीं यंत्रें आलीं. त्यांतलें एक तर तीन घन सेंटिमीटरांहूनही लहान आहे. जुनें यंत्र अंगांत असतां चुंबकीय चित्रण फक्त डोक्याचें करतां येई. नव्यांत नियम पाळून सबंध शरीराचें करतां येतें. ज्यांना कंबरदुखीसाठीं पुढें असें चित्रण लागण्याचा संभव आहे त्यांनीं कोणतें यंत्र बसणार हें आधींच विचारून ठेवावें.

हें सर्व वाचून कोणी लगेच यंत्राची चौकशी करूं लागेल, तर तें घाईचें होईल. नव्यानें सुरू झालेल्या तक्रारींत रक्त पडत असेल, वजन घटत असेल, शौचाची रीत अकस्मात् बदलली असेल, तर आधीं आंतड्यांची तपासणी झाली पाहिजे. तें काम लाजेखातर एक आठवडाही पुढें ढकलूं नये. त्यानंतर साधे उपाय. मल पातळ असला कीं आवरत नाहीं, व बांधून आला कीं पुष्कळांस आवरतो. यासाठीं पाश्चात्त्य डॉक्टर जें चूर्ण देतात तें दुसरें तिसरें कांहीं नसून आपलें इसबगोल होय. गुजराथेंत उंझ्याच्या बाजारांतून तें जगभर जातें, आणि अमेरिकेंतील परीक्षेंत इतर तंतुमय चूर्णांस मागें टाकून तेंच उपयोगी ठरलें. तें थोड्या पाण्यांत घ्यावें. मलावरोधासाठीं जसें पुष्कळ पाण्यांत घेतात तसें नव्हे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायु आवळून सोडण्याचे व्यायाम लॉस एंजेलिसचे आर्नल्ड केगल यांनीं १९४८ सालीं मूत्राच्या तक्रारीसाठीं प्रसिद्ध केले, ते येथेंही लाभदायक आहेत. परंतु ते जाणत्या शिक्षिकेकडून शिकावे, कारण बहुतेक माणसें तळ आवळण्याऐवजीं पोट व मांड्या आवळतात. चहा-कॉफी कमी करणें, मधुमेह आटोक्यांत ठेवणें, जरूर तर मल घट्ट करणारें औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेणें, एवढ्यानेंच अनेकांचें काम भागतें. हे उपाय कांहीं महिने नेटानें करूनही गुण येत नसेल तेव्हां यंत्राचा प्रश्न निघतो, व तेव्हांही वर सांगितलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावांचून तें बसवूं नये.

डॉक्टरांसमोर तोंडानें सांगवत नसेल त्यांच्यासाठीं एक सोय आहे. दोन आठवडे एक लहानशी वही ठेवावी. तींत तारीख, वेळ, शौच घट्ट होतें कीं पातळ, भावना आधीं झाली कीं नाहीं, झाली असल्यास किती मिनिटें थांबतां आलें, आणि वस्त्र बदलावें लागलें काय, एवढेंच लिहावें. त्याखालीं बाळंतपणें किती, चिमटा लागला होता काय, पूर्वीं मूळव्याधीवर वा भगंदरावर शस्त्रक्रिया झाली होती काय, हें नोंदवावें, आणि ती वही डॉक्टरांच्या मेजावर ठेवून द्यावी. वाचून झाल्यावर प्रश्न ते विचारतील. उत्तरें बहुतेक हो किंवा नाहीं एवढींच द्यावीं लागतील.